आबा मास्तरांचा दाढीवाला

तारखात्यात शब्दाला पैसे पडतात. त्यामुळे नोकरीभर मी मोजूनमापून बोललो. 'आई आजारी. निघा.' संपलं. आता नोकरी सुटली, शब्द फुकट झाले, तेव्हा मंडळी, आज मला मध्येच अडवू नका.

आमच्या कर्जत स्टेशनात किस्से का साठतात, ते आधी सांगतो. मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी इथं थांबते, कारण पुढं बोरघाट. एकट्या इंजिनाच्यानं ती चढण होत नाही, म्हणून मागून रेटायला आणखी एक इंजिन लावतात. ते लागेपर्यंत पाशिंजर खाली उतरतो, पाणी पितो, पाय मोकळे करतो आणि बोलतो. मग शिट्टी होते. माणसं गाडीत चढतात, बोललेलं फलाटावर राहतं. मी त्या फलाटावर केस पांढरे केले. माझ्याकडे काय साठलं असेल त्याचा अंदाज करा.

पण आज बाकीचे सगळे बाजूला. परवा एका शहाण्यानं मला विचारलं, "काय हो तारमास्तर, नुसतं पुस्तक वाचून माणूस बदलतो का?" म्हटलं, बदलतो की. तोंडापासून बदलतो. आमचे आबा मास्तर बघायला हवे होते तुम्ही.

* * *

आमची बैठक म्हणजे तीन माणसं आणि एक न्हावी. आबा मराठी शाळेचे मास्तर. गोविंदराव मामलेदार कचेरीत कारकून, देवभोळे इतके की शिंक आली तरी घरी परत जाऊन गुळाचा खडा खाऊन निघायचे. तिसरा मी. आणि स्टेशनाबाहेर आंब्याखाली धोकटी मांडून बसणारा धोंडू न्हावी. संध्याकाळची पुण्याची गाडी गेली की आम्ही फलाटावरच्या बाकावर जमायचो, आणि धोंडू खाली उकिडवा बसून कान इकडं द्यायचा.

आबांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. घरात दोघंच, मूलबाळ नव्हतं. वहिनींना आबांचं सगळं चालायचं. तपकीर चालायची, विसरभोळेपणा चालायचा. दाढीची खुंटं तेवढी चालायची नाहीत. म्हणायच्या, "भातकापणी झालेल्या शेतातली खुंटं परवडली. तिथं पायात वहाण तरी घालता येते."

एकदा परीक्षेच्या कामासाठी आबा खालापूरला गेले. आठवडा तिकडंच गेला. परत आले ते तोंडभर खुंटं घेऊन. कडी वाजवली. वहिनींनी दार बोटभर उघडलं.

"कोण पाहिजे?"

"अगं, मी."

"मास्तर घरी नाहीत. खालापूरला गेलेत."

"अगं, मीच मास्तर."

"आमच्या मास्तरांना दाढी नाही," असं म्हणून वहिनींनी दार लावून घेतलं.

आबा तडक धोंडूकडे. तर नेमकी अमावास्या. धोंडू शनिवारी आणि अमावास्येला वस्तऱ्याला हात लावत नसे. "परत्यक्ष देव आला तरी आज धोकटी उघडायची नाय मास्तर. उद्या या." आबांनी विनवण्या केल्या. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी रात्रभर स्वतःच्याच ओसरीवर पडले. वहिनींनी केळीच्या पानावर जेवण बाहेर आणून ठेवलं. म्हणाल्या, "वाटसरू उपाशी निजू नये."

सकाळी धोंडूनं गुळगुळीत केलं. आबांनी पुन्हा कडी वाजवली. वहिनींनी दार सताड उघडलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, कधी आलात?"

* * *

पोळ्याला वहिनी हिंडत्याफिरत्या होत्या. गणपती बसायच्या आत तापानं गेल्या.

आबांची दाढी तेव्हापासून वाढली. आधी दुःखानं, मग आळसानं, आणि मग पुस्तकानं.

पुस्तकाचं असं झालं. पहिल्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये कुणी साहेब एक जाडजूड इंग्रजी पुस्तक विसरून गेला. पहिल्या पानावर लेखकाचं चित्र, छातीपर्यंत रुळणारी दाढी. मी पुण्याला तार केली, 'दाढीवाला साहेब सापडला. जाड. कुणाचा?' उत्तर आलं, 'आमचे साहेब सगळे हजर.' मग मी ते पुस्तक फळीवर टाकून दिलं. पावसाळाभर ते तिथं राहिलं. वाळवी लागली. तिनं पुस्तकाचं नाव खाल्लं, लेखकाचं नाव खाल्लं, मधलीअधली काही पानं खाल्ली. दाढी मात्र शाबूत ठेवली. त्यामुळे तो तत्त्वज्ञ कोण, कुठला, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही त्याला दाढीवालाच म्हणायचो.

दिवेलागणीला आबांना घर खायला उठायचं. ते स्टेशनात येऊन बसत. एकदा त्यांनी सहज फळीवरून ते पुस्तक काढलं, वाळवी झटकली आणि वाचायला बसले. इंग्रजी त्यांचं बेताचंच. एका पानाला एक संध्याकाळ लागायची, आणि वाचलेलं ते आम्हाला मराठीत सांगायचे.

दाढीवाल्याचं म्हणणं सोपं होतं. जे तपासलं नाही, ते मानू नका. आणि गोड असेल तर दोनदा तपासा, कारण गोड गोष्ट माणूस न तपासताच गिळतो.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा गोविंदराव म्हणाले, "ह्यात काय मोठंसं? माझी बायको भाजीवालीला रोज हेच सांगते." आम्ही हसलो. आबा हसले नाहीत. त्यांनी ते पान पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं आणि पुस्तक मिटलं. मला तेव्हा कळलं नाही, पण ह्या माणसाच्या मनातून काहीतरी निसटलं ते त्या संध्याकाळी.

* * *

आबांचं हळूहळू एकेक सुटत गेलं. आधी पत्रिका सुटली, मग मुहूर्त. मग त्यांनी धोंडूला धरलं.

"धोंडू, अमावास्येला दाढी केली म्हणून मेलेला एक माणूस मला दाखव."

धोंडू म्हणाला, "अमावास्येला दाढी करतंय कोन, मास्तर, मरायला?"

गोविंदरावांनी मांडीवर थाप मारली. आबांनी पुस्तक उघडलं, पुढचं पान, मागचं पान, आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "ह्याला उत्तर दाढीवाल्याकडे नाही."

धोंडूनं वाकून ते चित्र पाहिलं. बराच वेळ धंद्याच्या नजरेनं पाहिलं. म्हणाला, "येवढा शिकल्याला मानूस, आन् ह्याच्या गावात न्हावी नाय व्हय?" मग आबांच्या तोंडाकडे बघून जरा हळू म्हणाला, "मास्तर, तुमची तरी काढू का? उद्या चांगला बुधवार हाय."

"कुणासाठी?" आबा म्हणाले.

धोंडूनं त्यानंतर बरेच दिवस विचारलं नाही.

* * *

आता बुवांचा किस्सा. हा सगळ्या लाइनीवर गाजला होता, पण नीट कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगतो.

एके दिवशी आबा बाकावर पुस्तक घेऊन बसलेले. दाढी पोटापर्यंत आलेली, खांद्यावर पंचा. मुंबईची गाडी येऊन थांबली. एक घाटावरची बाई उतरली, इकडंतिकडं पाहिलं, आणि सरळ येऊन आबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

आबा दचकले. "बाई, मी बुवा नाही."

"खरं बुवा असंच म्हनत्यात," बाई म्हणाली आणि खालीच बसली. तिचा नवरा मुंबईला गोदीत कामाला गेला होता, तो परतला नव्हता. ती त्याला शोधायला गेली होती, सापडला नाही, आता गावी परत चालली होती. "बुवा, माजा धनी माघारी येईल का वो?"

आता बघा. येईल म्हणायला काय जातं? मी म्हटलं असतं. गोविंदरावांनी तर तिथीसुद्धा दिली असती. आबांनी दाढीवाल्याच्या पुस्तकावर हात ठेवला, त्या बाईकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बाई, मला माहीत नाही."

बाईनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं आता शिव्या देते. ती म्हणाली, "लई बुवांना इचारलं. समदे म्हनले येतोय, येतोय. कुनी शिमगा म्हनलं, कुनी दिवाळी. तुमी येकटंच खरं बोललासा." परत पाया पडली, पिशवीतला नारळ काढून पुढ्यात ठेवला आणि गाडीत चढली.

ही गोष्ट गाडीबरोबर वर गेली, खाली आली. आणि झालं काय, की 'माहीत नाही' म्हणणारा बुवा कर्जतला बसतो अशी कीर्ती पसरली. कडाव गावाहून माणसं यायला लागली.

"म्हस गाभन ऱ्हाईल का?"

"माहीत नाही."

"भावकीचा तंटा मिटंल का?"

"मला कसं माहीत असणार?"

"बघा," ते आपसात म्हणायचे, "जरा म्हनून पोटात ठेवत नाय." आणि नारळ ठेवून जायचे.

जगात काही मानू नका म्हणणारं पुस्तक मांडीवर, आणि पुढ्यात नारळांची रास. आबांच्या नाकी नऊ आले. नारळ गोविंदराव घरी न्यायचे. त्यांच्या घरी त्या साली डाळीत खोबरं, भाजीत खोबरं, पोरांच्या टाळूला खोबरेल. धोंडू म्हणाला, "मास्तर, आता दाढी काढली तर पंचक्रोशीचा देव जाईल."

सगळे हसत होतो. आबा रुळांकडे बघत होते. मध्येच मला म्हणाले, "बापू, त्या बाईचा नवरा आला असेल का रे?"

"मला काय ठाऊक?"

"हो. मलाही नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "पण यावा."

* * *

कुंभिवलीला एक भगत होता. त्याच्या अंगात मेलेली माणसं येतात आणि घरच्यांशी बोलतात, असा बोभाटा होता. गोविंदरावांना आईशी बोलायचं होतं. त्यांनी बैलगाडी ठरवली आणि भीत भीत आबांना विचारलं, "येता का? तुमचा विश्वास नाही, माहीत आहे."

आबा चटकन उठले. "न तपासता नाही म्हणणंही दाढीवाल्याला मान्य नाही. चला."

मी मनात म्हटलं, वा रे तपासणारे. पंचा धुतलेला होता, टोपी नवी होती. धोंडूनं आंब्याखालून हाक मारली, "मास्तर, वहिनींना भेटायला चाललासा, मग वस्तरा फिरवू का?" आबा म्हणाले, "नको. हीच कसोटी आहे."

गाडीत वाटभर आबा दोन्ही हात मांडीवर गच्च धरून बसले होते. माणूस एवढं गच्च धरतो तेव्हा ते तपासणं नसतं, ती आशा असते. मला त्यांच्याकडे बघवेना.

भगतानं ऊद जाळला, मान गरागरा फिरवली. आधी गोविंदरावांची आई आली, तिनं सुनेची चौकशी केली, गोविंदराव ओक्साबोक्शी रडले. मग भगतानं आबांकडे तोंड केलं. आवाज बारीक काढला.

"आलात का वो? लय वाट बघितली तुमची. मी सुखात हाय."

आबा गुडघ्यांवर पुढं सरकले. थांबले. बराच वेळ थांबले. भगत सांगत होता, जिवाला जपा, चार घास खात जा, माझी काळजी करू नका. सगळं सांगून झालं. आबा उठले.

"चला गोविंदराव. ही ती नव्हे."

"अहो, पण आवाज अगदी..."

"दाढीबद्दल एक शब्द नाही," आबा म्हणाले. "माझ्या बायकोनं ह्या तोंडाला 'आलात का' म्हटलंच नसतं."

मी हसू दाबलं. परत येताना गोविंदराव गाडीत घोरत होते. खालापूर मागं पडलं तेव्हा आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोटं होतं रे. पण 'आलात का' म्हणाला ना, तेवढा एक क्षण फार बरं वाटलं."

* * *

आबांनी वहिनींचं श्राद्ध बंद केलं, ह्यावरून गावात बरीच कुजबुज झाली. भटजी तर रस्त्यात आबा दिसले की पलीकडच्या कडेनं जायचे.

पण पितृपक्षातली अविधवा नवमी आली. सवाष्ण गेलेल्या बायकांची ती तिथी. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलवायचं, गेलेलीच्या आवडीचं वाढायचं, अशी रीत. त्या दिवशी सकाळी आबा गोविंदरावांच्या दारात. "आज तुम्ही दोघं माझ्याकडे जेवायला या. बापूला पण घेऊन या."

गोविंदराव सावध झाले. "श्राद्ध आहे का?"

"छे. जेवण आहे. माणसानं माणसाला जेवायला बोलावू नये असं काही कुठं लिहिलेलं नाही."

गेलो. आबांनी स्वतःच्या हातानं रांधलं होतं. वालाचं बिरडं, अळूची भाजी, तांदळाची खीर. तिन्ही पदार्थ वहिनींच्या आवडीचे. बिरड्यात मीठ दोनदा पडलं होतं, खीर खाली लागली होती. गोविंदरावांच्या बायकोला, यमुनाबाईंना, पहिल्या पाटावर बसवलं. जेवण झाल्यावर आबांनी आतून एक हिरवा खण आणून त्यांच्या हातात दिला.

"हा कशाला?" गोविंदराव म्हणाले.

"घरात पडून होता."

घडीवर दुकानातली सुतळीसुद्धा तशीच होती. यमुनाबाईंनी डोळे पुसत खण कपाळाला लावला. गोविंदरावांना राहवेना. त्यांच्या तोंडाला कधी कुलूप नसे. "आबा, खरं सांगा. हे तुमच्या दाढीवाल्याच्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे?"

आबांनी खिरीचं भांडं उचललं. "वाळवीनं खाल्लेल्या."

त्यानंतर दर साली नवमीला वाळवीनं खाल्लेल्या पानाप्रमाणे आम्ही जेवत आलो. बिरडं पुढं पुढं चांगलं व्हायला लागलं. खीर मात्र शेवटपर्यंत लागायची.

* * *

एकदाच आमच्यात खरं भांडण झालं, तेही ह्या पुस्तकावरून.

गाडी उभी होती. मागचं इंजिन लागत होतं. आबा अलीकडे खंगत चालले होते, आणि गोविंदरावांचा जीव तुटत होता. ते एकदम तडकले.

"आबा, हे पुढच्या डब्यातले लोक बघा. त्यांना मागचं इंजिन दिसतं का? नाही दिसत. म्हणून ते नाहीच का? त्याच्याच जोरावर चढणार ना घाट?"

मला मुद्दा पटला. आबांनाही आवडला. म्हणाले, "छान बोललात. पण मला शंका आली तर मी उतरून मागं जाईन, इंजिनाला हात लावीन, आणि परत येऊन तुम्हाला सांगेन. माझी बायको जिथं गेली तिथं जाऊन परत येता येत नाही, एवढीच अडचण आहे."

"मग फेकून द्या ते पुस्तक! गार्डाला देतो, तो घाटात भिरकावून देईल."

गोविंदरावांनी खरंच पुस्तकाला हात घातला. आबांनी अडवलं नाही. नुसतं म्हणाले, "पुस्तक फेकाल. वाचलेलं कुठं फेकू?"

गोविंदरावांचा हात तसाच राहिला.

"तुम्ही नशीबवान आहात, गोविंदराव," आबा म्हणाले. "मेल्यावर तुम्ही आईला भेटणार. मीही हिला भेटणार होतो. पक्कं होतं माझं. रोज रात्री मनात ठरवायचो, भेटल्यावर आधी काय सांगायचं. मग हे वाचलं. आता मी रोज तपासतो. कुठं एखादी फट आहे का बघतो. ह्या गोष्टीइतकं गोड मला दुसरं काही नाही, म्हणून दोनदा तपासतो. आणि दोन्ही वेळा हाती काही लागत नाही."

मी म्हटलं, "आबा, मग दोनदा नका तपासू. एकदाच तपासा."

"ते लबाडीचं होईल, बापू."

शिट्टी झाली. गाडी मागून रेटा घेऊन हलली. गोविंदरावांनी पुस्तक हळूच आबांच्या मांडीवर ठेवलं आणि वरची धूळ आपल्या उपरण्यानं पुसली.

* * *

मार्गशीर्षात आबांनी अंथरूण धरलं. वैद्यांनी नाडी पाहिली आणि बाहेर येऊन आम्हाला मान हलवून दाखवली. मी स्टेशनात बदली माणूस ठेवून त्यांच्या उशाशी बसलो होतो.

दुपारी गोविंदराव यमुनाबाईंबरोबर गंगेचं पाणी घेऊन आले. आबा पाजू देतील की नाही म्हणून घाबरले होते. आबांनी तोंड उघडलं. "द्या. पाणीच आहे ना? तहान लागली आहे."

मग गोविंदरावांना हुंदका आला. इतकी वर्षं भांडले, पण मनातून त्यांचा आबांच्याच शब्दावर भरवसा. त्यांनी आबांचा हात धरला. "आबा, तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत. आता तुम्ही अगदी दाराशी आहात. मला सांगा. पलीकडे काही आहे का?"

"थांबा. विचार करू द्या," आबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

स्टेशनात गाडी आली. आम्हाला इथून ऐकू येत होती. मागचं इंजिन लागलं, शिट्टी झाली, गाडी घाटाला लागली. आवाज पार विरला तरी आबा विचार करत होते. शेवटी डोळे उघडले.

"पुरावा नाही," म्हणाले.

गोविंदरावांनी मान खाली घातली. पुस्तक कोनाड्यात होतं, आबा तिकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बापू, धोंडूला बोलाव."

"धोंडूला? कशाला?"

"दाढी काढायचीय."

हे कुठल्या पानावर आहे, असं विचारायला गोविंदरावांनी तोंड उघडलं. मी त्यांचा हात दाबला आणि बाहेर पडलो.

धोंडू आंब्याखाली बसला होता. धोकटी बांधलेली, हात मांडीवर. त्या दिवशी अमावास्या होती, ते मला त्याच्याकडे बघितल्यावर आठवलं. मी म्हटलं, "मास्तर बोलावतायत. दाढी काढायची म्हणतात." धोंडूनं माझ्याकडे पाहिलं. मग धोकटी उचलली आणि माझ्यापुढं चालायला लागला.

यमुनाबाईंनी पाणी कोमट करून दिलं. धोंडूनं आबांच्या मानेखाली हात घालून त्यांना भिंतीशी टेकवलं, पंचा गुंडाळला, वस्तरा पट्ट्यावर फिरवला. मग दाढी हातात धरून थांबला.

"लय वर्सांची हाय, मास्तर. थोडी ठेवू का?"

आबांनी हनुवटी वर केली.

"नको. सगळी काढ. एक खुंट ठेवू नकोस."